ताणातलं झाड

आमच्या परसातलं संत्र्याचं झाड माझ्यामुळे गेलं आणि दोष माझ्या पत्नीच्या माथी बसला. मी तो बसू दिला.

निवृत्तीनंतर वडील त्या एका झाडावर बागायतदाराच्या शिस्तीने मेहनत घेत. पावसाळ्याच्या तोंडी मृगाचा बहार यावा म्हणून उन्हाळ्यात ते त्याला ताण देत, म्हणजे पाणी पूर्ण तोडत. पानं मलूल झाली तरी थेंब घालायचा नाही, असा घरात दंडक होता. आमचं नवं लग्न झालं त्या वर्षी मी आमच्या खोलीला कूलर बसवला. टाकीतून ओसंडणाऱ्या पाण्याने वाटेत चिखल होई, म्हणून मी रबरी नळी लावून तिचं तोंड झाडाच्या आळ्यात, वाळक्या पानांखाली सोडलं. नळी न्हाणीच्या नालीपर्यंत पोचत नव्हती आणि लांब नळी आणायचा मला कंटाळा होता.

झाड त्या वर्षी बहरलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडली, फांद्या शेंड्याकडून वाळू लागल्या, कलमाच्या जोडाशी डिंक ओघळला. वडील चाकू शोधू लागले तेव्हा मी गुपचूप नळी काढून घेतली. त्यांनी साल खरवडली. आत तपकिरी कूज होती. मग बुंध्याची माती चिमटीत धरली. ती ओली होती.

"सूनबाई, काहून पाणी टाकून राहिली वं इथं? झाड ताणावर हाय, सांगतलं होतं ना!"

"मी नाही टाकलं, मामंजी."

"तू नाही, तं काय झाडाले घाम फुटला?"

तिला नळी ठाऊक होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

वडिलांनी कुजकी साल तासली, वाळक्या फांद्या छाटल्या. मोरचूद-चुन्याचा लेप मी कालवून दिला. बोटं निळी झाली. मला काही वाटत नव्हतं. काही वाटत नाही, एवढंच जाणवत होतं. एका बाजूला थोडी पालवी आली, तीही सुकली. शेवटी झाड तोडावं लागलं.

पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला वडील सांगत, सूनबाईच्या हाताला झाड लागत नाही. ते हसत सांगत. तिने माहेरून आणलेली मोगऱ्याची कलमं शेजारी देऊन टाकली आणि नंतर घरात काहीच लावलं नाही. मी रोज कामावर जात राहिलो.

वडिलांच्या तेरवीला माणसं जेवून बसली होती. रिकाम्या परसाकडे पाहत आत्या म्हणाली, "लावलं असतं काहीतरी. पण इच्या हाताले झाड लागतच नाही, आमचा दादा म्हणे."

पत्नी ताटं उचलत होती. तिने मान वर केली नाही.

"आत्या," मी म्हणालो, "ते पाणी हिनं नाही टाकलं. माझ्या कूलरचं होतं. नळी मी सोडली, अन् मीच लपवली."

मी तिच्याकडे वळलो.

"तवाच बोलाले पाहिजे होतं मी. नाही बोललो. मले माफ कर."