ह्यांचं लॉगिन

हे गेल्यावर कंपनीने मला त्यांच्या जागी घेतलं. जागी म्हणजे अगदी जागीच. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी. तिच्या स्टोअरमधल्या काचेच्या केबिनमध्ये हे बसायचे. ती खुर्ची, ते टेबल, तो कॉम्प्युटर, सगळं मला मिळालं. लॉगिनसुद्धा ह्यांचंच मिळालं.

आमचं जुनं सॉफ्टवेअर कुणाच्या तरी ओळखीतल्या माणसाकडून करून घेतलेलं होतं. माल आला की त्याची नोंद आणि माल निघाला की गेट पास, एवढं काम ते इमानाने करायचं. पण गेट पास काढायचा अधिकार त्यात फक्त ह्यांच्या नावाला दिलेला होता. हे रजेवर असले म्हणून गाड्या थोड्याच थांबणार! त्यामुळे ह्यांचा पासवर्ड तिन्ही शिफ्टच्या लोकांना पाठ होता, शिवाय मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावूनही ठेवला होता. पुढे तो सॉफ्टवेअरवाला धंदा बंद करून कुठे गेला कुणास ठाऊक. नवीन लॉगिन करून देणारं कुणी उरलं नाही. म्हणून हे गेल्यानंतरही कंपनीतून निघणाऱ्या प्रत्येक गाडीचा पास ह्यांच्याच नावाने निघत राहिला.

घरात मी ह्यांना कधी नावाने हाक मारली नाही. आमचा सगळा संसार ‘अहो’वर झाला. आणि आता रोज सकाळी चिखलीहून बसने यायचं आणि पहिलं काम काय, तर ह्यांचं नाव टाइप करायचं. सुरुवातीला एकेक अक्षर शोधून टाकायचे. मग सवय झाली, आणि मग मी त्या क्षणाची वाट बघायला लागले. स्क्रीनवर ‘वेलकम’ यायचं आणि त्यापुढे ह्यांचं नाव. कुणाला वेडेपणा वाटेल, पण मला बरं वाटायचं. कुणी ह्यांच्या नावाखाली चुकीची नोंद करून ठेवली, की मी त्याची अशी खरडपट्टी काढायचे की कँटीनपर्यंत आवाज जायचा. माणूस गेला म्हणून काय त्याच्या नावावर काहीही खपवायचं? स्टोअरमधली पोरं माझ्या माघारी म्हणायची, साहेब परवडले, पण वहिनी नको.

त्याच कॉम्प्युटरमध्ये एक दिवस होता. तिकडे बघायचं नाही असं ठरवून मी पुन्हा पुन्हा तिथेच जायचे.

त्या दिवशी सकाळी हे नेहमीसारखे मोटरसायकलवरून निघाले आणि नाशिक रोडवर एका ट्रकने त्यांना उडवलं. बॅग कुठे तरी पडली, मोबाइल फुटला. कुणा भल्या माणसांनी टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. इकडे मी फोन लावतेय, तर फोन बंद. जीव राहवेना म्हणून कंपनीत फोन केला. तिथे तेव्हा टेलिफोनवर एक मुलगी असायची. तिने समोरच्या कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, “मॅडम, सर आलेत ना. आत्ताच त्यांनी गेट पास काढलाय. खाली लाइनवर असतील.”

झालं. माझी काळजी मिटली. मी कपडे वाळत घातले, दळण टाकून आले, जेवले आणि दुपारी चक्क झोपले. गाडीच्या नंबरवरून पोलिसांनी घर शोधलं, तेव्हा उन्हं उतरली होती. दवाखान्यातल्या मावशींनी मला नंतर सांगितलं, दुपारपर्यंत होते हो, मध्ये मध्ये डोळे उघडायचे. त्या दुपारच्या झोपेचा मला आजही इतका राग येतो, की मी तेव्हापासून दुपारी आडवी झालेली नाही.

नोकरीला लागले त्या आठवड्यातच मी कॉम्प्युटरवर ती तारीख काढून बघितली. त्या सकाळी निघालेल्या एकुलत्या एका गाडीचा गेट पास, आणि काढणाऱ्याच्या रकान्यात ह्यांचं नाव. हे रस्त्यावर पडलेले होते आणि त्याच वेळी इथे ह्यांनी पास काढला होता. काढणारा दुसराच कुणी तरी होता हे उघड होतं. पण कोण? पासवर्ड तर सगळ्यांनाच माहीत. कँटीनमध्ये जेवताना मी एकेकाच्या तोंडाकडे बघायचे. तू होतास का? का तू? समोरचा बिचारा मला लोणचं वाढत असायचा आणि मी मनात त्याला पिंजऱ्यात उभं करत असायचे. विचारायची मात्र हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर का विचारते हेही सांगावं लागलं असतं, आणि ती झोप मला कुणाला सांगायची नव्हती.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग मालकांनी ठरवलं की जुनं सॉफ्टवेअर बंद करायचं आणि सगळं क्लाउडवर न्यायचं. हिंजवडीहून एक टीम आली. तिची प्रमुख एक तरतरीत मुलगी होती. तिने मीटिंगमध्ये जुना डेटा भिंतीवरच्या पडद्यावर लावला आणि कौतुकाने म्हणाली, “तुमच्याकडचे हे सर कमाल आहेत! सगळ्यात जास्त एन्ट्री यांच्या. तिन्ही शिफ्टला असतात, रजा म्हणून घेत नाहीत. नवीन सिस्टिमचं ट्रेनिंग आधी यांनाच देऊ. आज आलेत ना ते?”

मॅनेजर साहेब पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले. शेवटी मीच म्हणाले, “ते येणार नाहीत. ते माझे मिस्टर होते.”

त्या मुलीला ‘होते’ कळायला जरा वेळ लागला. मग तिचा चेहरा असा झाला की मलाच तिची दया आली.

अडचण पुढे होती. आमच्या धंद्यात कुठला माल कधी बाहेर पडला हे वर्षानुवर्षं दाखवता यावं लागतं, म्हणून जुन्या नोंदी नव्या सिस्टिममध्ये नेणं भाग होतं. आणि नवी सिस्टिम शिस्तीची निघाली. प्रत्येक नोंदीला माणूस हवा. माणूस कंपनीत नसेल, तर त्याची कामाची शेवटची तारीख हवी, आणि त्या तारखेनंतर त्याच्या नावावर एकही नोंद चालणार नाही. म्हणजे हे गेल्यानंतरचे सगळे पास ह्यांच्या नावावरून काढून ज्याचे त्याला द्यायचे. त्यावर मुलीने तोडगा काढला. कुठल्या शिफ्टला स्टोअरवर कोण होतं याचे जुने तक्ते ऑफिसात होतेच. त्यावरून त्या त्या माणसाच्या नावावर नोंदी टाकल्या. दोन दिवस मी तिच्याशेजारी बसून होते. ह्यांचं नाव निघत होतं आणि दुसऱ्यांची येत होती. घरातून सामान हलवावं तसं वाटत होतं.

मग तिने हळूच विचारलं, “मॅडम, सरांची शेवटची तारीख?”

मॅनेजर साहेब म्हणाले, “ज्या दिवशी गेले तीच टाका. त्या दिवशी सकाळची शिफ्ट त्यांचीच होती. सगळं जुळतं.”

जुळत होतंच. ती तारीख टाकली, की तो पासही कायमचा ह्यांचा होणार होता. मग कुणाला काही विचारायला नको, कुणी काही सांगायला नको. पण माझं डोकं सणकलं. मी म्हणाले, “त्या दिवशी ते कामावर पोहोचलेच नाहीत. आदल्या दिवसाची टाका.”

तारीख मी स्वतः टाइप केली. सगळा डेटा तपासून झाला आणि पडद्यावर एक ओळ लाल राहिली. त्या सकाळचा तो पास. त्याला आता कुणीच धनी नव्हता, आणि धनी मिळाल्याशिवाय सिस्टिम पुढे सरकत नव्हती. सोमवारी नवीन काम सुरू व्हायचं होतं. मॅनेजर साहेबांनी सगळ्या विभागांत विचारलं. मला तो माणूस समोर यायला हवा होता. त्याला काय काय ऐकवायचं हे मी वर्षानुवर्षं घोकून ठेवलं होतं.

तो दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर आला.

आमचे सुपरवायझर. चाकणजवळच्या गावचे, शेती सांभाळून नोकरी करणारे. ह्यांचे जिवलग. मला नोकरी मिळावी म्हणून मालकांच्या दारात ठाण मांडून बसले होते ते हे दादाच. दर हंगामाला शेतातल्या शेंगा आधी माझ्या टेबलावर यायच्या आणि मग त्यांच्या घरी जायच्या. कँटीनमध्ये सगळ्यांच्या तोंडाकडे बघणाऱ्या मी, दादांच्या तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं.

हातात धुतलेला डबा होता. तो टेबलावर ठेवून ते उभेच राहिले.

“वहिनी, ती लाल ओळ माझी हाय. माझ्या नावावर टाका.”

मी म्हणाले, “दादा, तुम्ही तर तेव्हा रात्रपाळीला होता.”

“व्हय. सुटून घरीच निघालो व्हतो. ह्यो अजून आला नव्हता. गाडी गेटवर हुबी, डायवर कटकट करतोय. म्हणलं, आता मोठं सायब आलं तर ह्याच्यावर खवळणार. येईलच पाच मिंटात, कशाला बोलणी खायला लावायची? त्याच्या नावानं पास काढला. म्हंजी त्याच्या पाळीतला पास कुनी बगितला तर, गडी येळेवर हाय, आसं दिसावं. आन् घरी जाऊन झोपलो बगा. दोस्तासाठी तेवढं केलं, म्हणून खुशीत झोपलो.”

राग आला. घोकलेलं सगळं जिभेवर आलं. माझा नवरा तिकडे एकटा डोळे उघडून कुणाला तरी शोधत होता आणि तुमच्या पाच मिनिटांच्या दोस्तीपायी मी इकडे कपडे वाळत घालत होते, हे मला त्यांच्या तोंडावर फेकायचं होतं. मी तोंड उघडलंही. पण समोर हा माणूस खाली मान घालून उभा होता, आणि त्याने त्या सकाळी ह्यांना उशीर झाला हे जगापासून लपवण्याखेरीज काहीही केलेलं नव्हतं. दादांच्या जागी हे असते, तर ह्यांनीही त्याच्यासाठी तसंच केलं असतं. केलंही असेल कितीदा.

मी स्क्रीनकडे वळले. त्या ओळीवर दादांचं नाव टाइप केलं. लाल रंग गेला आणि ती बाकीच्या ओळींसारखी झाली.

“झालं,” मी म्हणाले.

दादांनी डबा उचलला, पण निघाले नाहीत.

“वहिनी, एक इचारू? लई वर्सं मनात हाय. त्या पासापायी तुमाला कळायला येळ तर न्हाई ना लागला?”

“नाही,” मी म्हणाले. “मला लगेच कळलं होतं. मी होते त्यांच्याजवळ.”