कर्नल साहेबांचा निरोप

आमच्या मुरुम गावच्या निम्म्या बाजारपेठेला मी फौजेत आहे असं वाटत होतं. माझ्याकडं बघून तसं वाटायचं काही कारण नाही. पोट सुटलेलं, चष्मा जाड, आणि घराबाहेर पडलोच तर दूध आणण्यापुरता. सगळा घोळ एका शब्दाचा. आपला मुलगा कर्नलचं काम करतो, असं आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावभर सांगून ठेवलं होतं. संगणकाच्या आतला कर्नल आणि पलटणीतला कर्नल इंग्रजीत वेगळे लिहितात, पण आपल्या तोंडात दोघं एकच.

संगणकातला कर्नल म्हणजे सगळ्यांत आतला प्रोग्रॅम. बाकीच्या प्रोग्रॅमना फाइल उघडायची असो की मेमरी हवी असो, परस्पर काही घेता येत नाही, त्याच्याकडं मागावं लागतं. त्या मागण्याला सिस्टीम कॉल म्हणतात. असे शेकडो कॉल आहेत. कुठला कॉल काय मागतो, काय देतो, कधी नाही म्हणतो, हे कर्नलच्या मूळ कोडमध्ये त्याच्या वर लिहिलेलं असावं. कित्येकांच्या वर एक ओळसुद्धा नसते. त्या ओळी मी लिहायचो. कोड वाचायचा, करून बघायचं, टिपण लिहायचं आणि ईमेलनं पाठवून द्यायचं. चार दिवसांनी जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला कुणी तपासनीस दोन ओळींचं उत्तर द्यायचा. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही.

आई गेल्यावर आप्पा एकटे पडतील म्हणून मी पुणं सोडून गावी आलो. आप्पा कसले एकटे पडतात! जन्मभर बसस्थानकात वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त झाल्यावरही रोज आंघोळ करून तिथल्या बाकावर जाऊन बसायचे. एकटा पडलो मी. शाळेतले सोबती पांगलेले, जे उरले त्यांच्याशी काय बोलावं कळेना. सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वतःचा आवाजही कानावर पडत नसे.

एकदा आप्पांनी विचारलं, तू नेमकं करतोस काय? मी म्हणालो, "आप्पा, तुमची चौकशीची खिडकी आठवा. प्रवाशाला आत येता येत नाही, गाडी हलवता येत नाही. खिडकीशी येऊन विचारायचं आणि मिळेल ते उत्तर घ्यायचं."

"हौदा?" आप्पा म्हणाले. म्हणजे, असं होय? नवल वाटलं की त्यांच्या तोंडी सीमेपलीकडची कानडीच यायची. "म्हंजे कर्नल आत बसलेला, आन तू खिडकीवरची पाटी लिवतोस."

इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. वर त्यांनी एक सल्लाही दिला. "गाडी न्हाय ते आदी लिही. न्हायतर माणूस बिचारं उगं थांबून ऱ्हातंय." तेव्हापासून मी कुठल्याही कॉलचे नकार आधी शोधायला लागलो.

पण त्यानंतर रोज पाचच्या चहाला त्यांचा एकच प्रश्न सुरू झाला. "काय म्हणले कर्नल साहेब?" मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यात सगळी गल्लत झाली. आधी हसायचो, मग वैताग यायला लागला. बाजारात गेलं की मेडिकलवाला, सलूनवाला, स्थानकासमोरचा चहावाला, सगळे तेच. "काय साहेब, कर्नल साहेब बरे हायत का?" मी हूं-हूं करून सटकायचो.

एका बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं त्या चहावाल्याकडं बसलो होतो. शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ उठून माझ्यासमोर आले, हात जोडले. "भाच्याची भरती हाय. कर्नल साहेबांच्या कानावर तेवढं घाला."

माझं टाळकं सरकलं. उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "अहो, कर्नल कुणी माणूस नाही! कॉम्प्युटरातला प्रोग्रॅम आहे तो. आप्पांना काही कळत नाही, ते वाट्टेल ते सांगत सुटतात."

हशा पिकला. आप्पाही थोडे हसले. उरलेला चहा त्यांनी सावकाश संपवला, "बरं" म्हणाले आणि घराकडं चालू लागले.

त्या दिवसापासून मला बाजारात कुणी काही विचारलं नाही. आप्पांनीही नाही. आठ दिवस मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. नवव्या दिवशी पाचला चहा आला, कप माझ्या टेबलावर ठेवून आप्पा अंगणात निघून गेले, आणि दिवसभरात आपण एक शब्द बोललो नाही हे माझ्या ध्यानात आलं. मग मीच सुरुवात करायचो. "आज उत्तर आलं, आप्पा." ते म्हणायचे, "बरं." कुणाचं उत्तर, काय उत्तर, काही नाही. त्यांनी एकदा, फक्त एकदा, कर्नल साहेबांची चौकशी करावी म्हणून माझा जीव तुटायचा. चुकलं म्हणायला मात्र तोंड उघडत नव्हतं. स्वभावच तसा मेला माझा.

तेव्हा मी एका वाट पाहणाऱ्या कॉलवर लिहीत होतो. एक प्रोग्रॅम दुसऱ्याला जन्म देतो. आमच्या धंद्यात त्यांना आईबाप आणि मूल असंच म्हणतात. मुलाचं काम संपेपर्यंत थांबून राहायचं असेल तर आईबापानं हा कॉल करायचा. मी दोन पानं लिहिली आणि पाठवली. तपासनिसानं परत धाडली. एक नकार राहिला, म्हणाला. वाट बघावी असं कुणी उरलंच नसेल तर काय होतं, ते लिहा.

काय होतं? कॉल थांबतच नाही, लगेच परत येतो. आणि नेमका हाच नकार लिहायचा मी विसरलो होतो! आप्पांना सांगितलं तर हसतील असं वाटलं. हे निमित्त बरं होतं. उद्या चहाला सांगू, असं ठरवलं.

सकाळी आप्पा स्थानकात जायला निघाले, चप्पल घालायला उंबऱ्यावर टेकले, आणि उठलेच नाहीत.

भेटायला येणाऱ्यांत त्यांच्या खिडकीवर हल्ली बसणारे नियंत्रकही होते. बाकीचे उठून गेल्यावर ते जवळ सरकले. मग म्हणाले, "साहेब, एक सांगू का? त्यान्ला समदं ठावं होतं. खिडकी, पाटी, गाडी न्हाय ते आदी लिवायचं, समदं मला समजावून सांगितलं होतं त्येंनी. म्या इचारलं, मंग लोकांना कर्नल साहेब कशापायी सांगता? तर म्हणले, प्रोग्रॅम म्हणलं तर कोण इचारतंय? पोरगं दिसभर कुणाशी बोलत न्हाय. कर्नल म्हणलं की चार माणसं त्याला थांबवून इचारतात तरी."

मी त्यांच्यादेखत लहान पोरासारखा रडलो. त्यांनी पाणी आणून दिलं आणि बसची वेळ झाली म्हणून ते गेले.

राहिलेला नकार लिहून मी टिपण पुन्हा पाठवलं. या वेळी ते घेतलं गेलं. कोडमध्ये, त्या कॉलच्या वर, आता माझ्या ओळी आहेत. उत्तर वाचलं तेव्हा पाच वाजत आले होते. घरात बसवेना. स्थानकासमोरच्या चहावाल्याकडं गेलो, त्या बाजाराच्या दिवशी आप्पा बसले होते त्याच जागेवर बसलो. चहावाल्यानं कप ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

"मालक," मी म्हणालो, "कर्नल साहेबांचं पत्र आलं आज. काम पसंत पडलं म्हणतात."

तो गाळणी हातात धरून तसाच थांबला.  मग अवघडून, हळूच म्हणाला, "पर साहेब, ते माणूस न्हायत, असं तुमीच म्हणला व्हता की."

"व्हय," मी म्हणालो. "मीच म्हणालो होतो."