दोन्ही तुकडे

बाडा चौकाजवळच्या स्कूटर स्टँडवरचे काका चिठ्ठीचा एक तुकडा मला देतात, दुसरा हँडलला अडकवतात. गाडी नेताना दोन्ही जुळवून फाडतात.

त्या संध्याकाळी मी घाईत होते. मी पायथनमध्ये बनवलेली दवाखान्याची वेबसाइट उद्या डॉक्टरांना दाखवायची होती, आणि लॉगआउट केल्यावरही जुनं लॉगिन चालत होतं. कुणाचेही रिपोर्ट कुणीही पाहिले असते.

"काका, माझा तुकडा फाडलात ना? बस!"

"बेटा, एकच फाडला तर दुसरा जिंदा राहतो," ते ताठ मानेने म्हणाले. "आजवर इथून एक गाडी चोरीला गेली नाही."

मी थबकले. लॉगआउट करताना मी फक्त ब्राउझरमधली लॉगिनची खूण पुसत होते. सर्व्हरवरची नोंद तशीच राहत होती. घरी जाऊन दोन्ही पुसल्या.

डॉक्टरांना वेबसाइट आवडली. परतताना स्टँडवर मी, एरवी गप्प राहणारी, म्हणाले, "काका, मीपण दोन्ही फाडले."

त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. "शाबास!" म्हणाले. मी ती शाबासकी हक्काने घेतली.