मतदारसंघ मोडला, असं मी सांगितलं

आमचा जुना लोकसभा मतदारसंघ आता होता तसा नकाशावर नाही. फेररचना झाली तेव्हा तो मोडला. भीमेच्या एका काठावरचं दौंड एका खासदाराकडं गेलं, पलीकडचं शिरूर दुसऱ्याकडं. मी राहायला यवतला आणि माझी शाळा नदीपलीकडं, शिरूर तालुक्यात. म्हणजे सकाळी स्कूटीला किक मारायची, एका खासदाराच्या हद्दीतून निघायचं आणि दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन बाराखडी शिकवायची. सुरुवातीला मला याची मोठी गंमत वाटायची.

त्या मोडलेल्या मतदारसंघाच्या नावावर मी माझं एक पाप खपवलंय. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण ते काही पचत नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही.

शाळेच्या मागं धनगरांची सात घरांची वस्ती होती. तिथले एक आबा दुपारच्या सुट्टीत कट्ट्यावर येऊन बसायचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जुन्या मतदारसंघातली एकूण एक निवडणूक तोंडपाठ. साल मात्र सांगता यायचं नाही. ती खूण ते मेंढरांवरून ठेवायचे. "जवा खुटबावच्या मळ्यात मेंढरं बसवली व्हती, तवा पैला खासदार पडला आन् दुसरा आला." मेंढरं बसवणं म्हणजे शेताला खत मिळावं म्हणून कळप रानात मुक्कामाला ठेवायचा. मळ्याचा मालक म्हणाला होता, भाकरी खाऊन जा. हे म्हणाले, आधी मत. आणि कळप भावावर सोपवून दिवस उगवायच्या आत चालत निघाले.

मत कुणाला दिलं ते त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. पण एक मत वाया गेलं होतं ते मात्र सगळ्या जगाला सांगायचे. कागदावर शिक्का मारायचे दिवस होते. आबांनी घडी उलटी घातली आणि ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटली. "साहेबाला म्हनलं, दुसरा कागद द्या. तर त्यो हसला." हे सांगताना दरवेळी त्यांचा चेहरा पडायचा. मी म्हणायचे, "अहो आबा, एका मतानं काय होतंय?" तर माझ्याकडं असं बघायचे, की जणू मीच शाळेत नापास झालेय.

फेररचनेच्या वेळी मतदार यादी तपासायचं काम आलं. ते शिक्षकांच्या गळ्यात पडणार हे काय सांगायला पाहिजे? घरोघर जाऊन माणूस आहे की नाही ते बघायचं, कुणी नाही भेटलं तर पुन्हा जायचं. मी वस्तीवर एकदा गेले. सातही घरांना कड्या. सगळी मेंढरांमागं गेलेली. कुत्रं तेवढं भुंकत होतं.

मला माहीत नव्हतं होय ती परत येतात ते? डोंबलाचं! त्यांची पोरं माझ्या वर्गात होती, दरवर्षी जायची आणि दरवर्षी यायची. पण यादी दुसऱ्या दिवशी द्यायची होती, ऊन मी म्हणत होतं आणि मला पुन्हा तिथवर जायचा कंटाळा आला. कंटाळा, बाकी काही नाही. मी आबांच्या नावापुढं लिहिलं, "स्थलांतरित". खालच्या नावांपुढं नुसतं "वरीलप्रमाणे". पानभर वरीलप्रमाणे. अक्षर चांगलं म्हणून वरच्या साहेबांनी माझी यादी बाकीच्यांना दाखवली.

नव्या मतदारसंघाची पहिली निवडणूक आली. मी शाळेबाहेर मांडवात यादी घेऊन बसले होते. आबा आले. धुतलेलं धोतर, तांबडा फेटा, मागं वस्तीवरच्या बायामाणसांची रांग. माझं बोट यादीवर फिरायला लागलं आणि तेव्हा मला ते पान आठवलं. 

"नाव नाही आबा."

"नीट बघा की बाई. चष्मा लावा."

चष्मा डोळ्यावरच होता. आजूबाजूला गावातली चार माणसं उभी होती, एक साहेब खुर्चीत होता. माझी नोकरी, माझं नाव, माझं चांगलं अक्षर. मी तोंड वर करून म्हणाले, "जुना मतदारसंघ मोडला ना आबा. त्याच्याबरोबर तुमच्या वस्तीची नावं गेली."

"मग ह्या गाववाल्यांची कशी ऱ्हायली?"

"काहींची राहिली. काहींची गेली. वरून झालंय ते."

 त्यांनी मागं वळून सगळ्यांना सांगितलं, "चला रं. आपला मतदारसंघच मोडलाय." आणि जाता जाता माझीच समजूत काढली, "तुमी तरी काय करनार बाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी पुढच्या माणसाचं नाव शोधायला लागले. नंतर बघू, अर्ज भरून घेऊ, असं मनाशी म्हटलं. पुढं बदली झाली, तेही राहिलं. राहिलं कसलं, मीच राहू दिलं.

परवाच्या लोकसभेनंतर यवतच्या स्टँडवर आबांची नात भेटली. माझी विद्यार्थिनी. कुरकुंभला कंपनीत आहे, शिफ्ट संपवून आली होती. पाया पडली. मी सहज विचारलं, "मत दिलंस का गं?"

"आमची मतं कुठायत बाई? जुन्या मतदारसंघाबरोबर गेली न्हाईत का? ग्रामपंचायतीच्या इलेक्शनला मानसं आलती फॉर्म घेऊन. आजोबांनी परत लावली. म्हनले, बाई खोटं बोलायच्या न्हाईत."

ती एसटीत चढली. मी तिथल्या बाकड्यावर किती वेळ बसून राहिले कुणास ठाऊक. वर्षामागून वर्षं निघून गेली होती. तेव्हा माझ्या वर्गात असलेली पोरं आता मतदानाला आली होती आणि त्यांच्याही नावांपुढं माझंच वरीलप्रमाणे लागलं होतं.

रविवारी अर्जांचा गठ्ठा घेऊन वस्तीवर गेले. आबा ओट्यावर होते. कमरेत वाकलेले, डोळ्यांनी अधू, पण आवाजावरून ओळखलं. मी चहा येईपर्यंतसुद्धा थांबले नाही. सगळं सांगून टाकलं. एकदाच आले होते, कंटाळा केला, स्थलांतरित लिहिलं, वर तुमच्या तोंडावर खोटं बोलले. मला वाटलं, शिव्या देतील. द्याव्यात असं वाटत होतं, खरंच सांगते. शिव्या खाऊन मोकळी झाले असते.

आबा म्हणाले, "म्हंजी मी इतकी वर्सं लोकास्नी खोटंच सांगत आलो?"

"तुम्ही नाही हो आबा, मी..."

"सांगत तर मीच आलो न्हवं?" त्यांनी काठी चाचपली, उठले, फेटा डोक्यावर ठेवला. "चला."

"कुठं?"

"मी सांगितल्यालं मलाच फिरवाय पायजे."

आम्ही घरोघर गेलो. ते पुढं, मी मागं. दरवेळी दारात उभे राहून ते तेच बोलले, "माझं चुकलं. मतदारसंघ मोडला म्हून कुनाचं नाव जात न्हाई. मी खोटं सांगितलं व्हतं. बाई आल्यात, फारम भरा." माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. पहिल्या घरी मी बोलणार होते. खरंच बोलणार होते. पण लोक मला खुर्ची देत होते, बाई आल्या म्हणत होते, पाणी आणत होते, आणि मी पाणी पिऊन नुसते अर्ज काढले. दुसऱ्या घरी ठरवलं, पुढच्या घरी बोलू.

तिसऱ्या घरातली तरणी सून पदर खोचून आबांवर कडाडली, "तुमचंबी काय आबा! तुमच्या नादानं लगीन होऊन आल्यापासनं मी एकदाबी मत दिलं न्हाई. म्हातारपनी खोटं बोलायची काय गरज व्हती?"

आबांनी मान खाली घातली. "चुकलं गं माय," म्हणाले.

मी पेनाचं टोपण काढलं, तिला जन्मतारीख विचारली आणि चांगल्या अक्षरात लिहून घेतली.