आईचा डेस्कटॉप मी साफ केला तेव्हा

मला पसारा बघवत नाही. हा माझा जुना रोग. माझ्या कंप्युटरचा पडदा आजही काळा असतो. वर बारीक पट्टी, तीत वेळ, बस्स. एक चिन्ह नाही, एक चित्र नाही, जे काय करायचं ते कीबोर्डवरून. तारापूरच्या ज्या कारखान्यात मी कंप्युटर सांभाळतो, तिथले लोक येता-जाता हिंदीत विचारतात की साहेब, तुमचं मशीन बंद आहे का. मला त्या प्रश्नाचा मोठा गर्व वाटायचा. विंडोजऐवजी मी लिनक्स वापरतो, त्याचं सुखच ते आहे, हवं ते घाला, नको ते काढा, कुणी डोक्यावर बसत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांत दोन जाती असतात, घालणारे आणि काढणारे. मी काढणारा, आणि तोंडाने फटकळ. घालणाऱ्या माणसाला चार शब्द ऐकवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आई घालणारी निघाली.

ती पालघरजवळच्या माहीमला राहते. प्राथमिक शाळेत शिकवायची. निवृत्त झाली, मग दोन वर्षांनी वडील गेले. वाडी दुसऱ्याला कसायला दिली. मी बायकोबरोबर बोईसरला, कारखान्याजवळच्या फ्लॅटात. आईला किती म्हटलं चल, पण तिला घर सोडवेना. शेजारी काकी आहे, आळी ओळखीची आहे, मीही फार मागे लागलो नाही. तेव्हा माझा जुना कंप्युटर तिला नेऊन दिला. जुनं धूड, विंडोजचा भार त्याला पेलवत नव्हता, म्हणून लिनक्स घालून दिलं. शाळेत माहिती भरून भरून मराठी टायपिंग तिला येतच होतं. महिन्याभरात बाई पटाईत झाल्या.

फार पटाईत झाल्या. पडद्यावर उजवं बटण दाबलं की यादी येते आणि त्यात विजेट, म्हणजे पडद्यावर ठेवायच्या चिमुकल्या वस्तू, जोडायची सोय असते, हे तिला कुणी सांगितलं देव जाणे. पुढच्या रविवारी गेलो तर पडद्यावर परातीएवढं घड्याळ. त्याच्या पुढच्या रविवारी कॅलेंडर. मग हवामान. मग एक मांजर आलं, माउसचा बाण जाईल तिकडे धावायचं आणि बाण थांबला की तिथेच झोपायचं. मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. भिंतीला कागद चिकटवावा तशा पडद्यावर चिकटतात त्या. पिवळ्या, निळ्या, गुलाबी. सहा महिन्यांत मागचं चित्र दिसेनासं झालं.

मी म्हणायचो, आई, हा कंप्युटर आहे की एसटी स्टँडची भिंत? ती हसायची. म्हणायची, "असू दे रे. मला लागतं." मी ऐकायचो ते फक्त 'असू दे'.

बोईसरला बसून उंटावरून शेळ्या हाकायचं कामही मी केलं. इथून इंटरनेटवरून तिच्या मशीनला जोडून घ्यायचो आणि मांजर काढून टाकायचो. दोन दिवसांनी मांजर परत हजर. पुन्हा काढायचो, पुन्हा यायचं. बायको म्हणाली, त्यांच्या पडद्याशी तुला काय करायचंय? मी तिला कमी गोष्टींत कसं सुख असतं यावर भाषण दिलं. तिने अर्ध्यात उठून भांडी घासायला घेतली.

चिठ्ठ्या मी वाचल्या नव्हत्या असं नाही. डोळ्यांखालून गेल्या होत्या. एकीवर नुसतं 'गॅस' लिहिलं होतं, लाल अक्षरात. एकीवर माझं नाव आणि पुढे 'चहात साखर अर्धा चमचा'. घड्याळाखाली निळ्या चिठ्ठीवर 'बोईसर पालघरनंतर दुसरं स्टेशन. उमरोळीला उतरायचं नाही.' मला हसू आलं होतं. म्हटलं, जन्मभर फळ्यावर सुविचार लिहिलेला हात, मोकळी जागा दिसली की शिवशिवतो. तिथं अजून वीस-पंचवीस चिठ्ठ्या होत्या. त्यांत काय होतं, खरंच सांगतो, मला ठाऊक नाही.

मग मावशीच्या घरचं लग्न निघालं, दातिवऱ्याला. आई हळदीलाच गेली, लग्न आटोपून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होती. मशीन अडकतंय अशी तक्रार तिने आधी केली होती. झालं, मला निमित्त मिळालं. रविवारी सकाळी माहीमला पोचलो, काकीकडून किल्ली घेतली आणि बसलो.

आता हे नीट सांगायला हवं, कारण चूक इथेच आहे. लिनक्समध्ये आपली सगळी ठेवण, म्हणजे कुठलं घड्याळ, कुठला रंग, कुठली चिठ्ठी, लपलेल्या फोल्डरांत असते. सहज बघायला गेलं तर दिसत नाहीत, मुद्दाम बघावी लागतात. मला ती माहीत नव्हती का? कारखान्यात दर महिन्याला मीच लोकांना बजावतो की डिस्क पुसण्याआधी लपलेले फोल्डर उचला. पण आम्हा काढणाऱ्यांचं एक सोवळं असतं, नव्या घरात जुनी ठेवण न्यायची नाही. नेली की कचरा मागोमाग येतो. म्हणून मी आईचे फोटो उचलले, कागदपत्रं उचलली आणि लपलेलं जाणूनबुजून सोडलं. विसरलो असतो तर आज मनाला थोडी तरी जागा मिळाली असती. डिस्क पुसली आणि नवी, हलकी, सडसडीत व्यवस्था चढवली. अति शहाणा म्हणतात तो मीच.

चार वाजेपर्यंत काम झालं. फिकट हिरवा पडदा आणि मधोमध तीन मोठी बटणं, फोटो, इंटरनेट आणि माझ्याशी व्हिडिओ कॉल. फोटो काढून आमच्यासारख्याच रोग्यांच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी वाहवा केली. कुणीतरी लिहिलं, आई नशीबवान आहे.

आई संध्याकाळी आली ती लग्नाच्या साडीतच, हातात लाडवांचा डबा. मी तिला हाताला धरून पडद्यासमोर नेलं. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग विचारलं, सगळं काढलंस? म्हटलं, हो, मोकळं झालं की नाही? तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. असं हसताना मी तिला वडील गेल्यापासून बघितलं नव्हतं. "बरं केलंस," म्हणाली. मला वाटलं, चला, एवढी वर्षं भांडलो, शेवटी पटलं. लाडू खाल्ला आणि निघालो, दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती.

त्यानंतर आई बिघडली. बिघडली काय, होती तशी दिसायला लागली. पण मला तेही दिसलं नाही. पुढच्या रविवारी चहात दोन चमचे साखर. मी साखर सोडून चार वर्षं झाली, आणि मी तिच्यावर खेकसलो, आई, किती वेळा सांगायचं? ती कप घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. एका दुपारी तिचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा तोच प्रश्न, वाडीवाल्याचा नंबर काय. मी म्हटलं, एकटीला करमत नसेल. मग काकीचा फोन आला की दूध जळून पातेलं काळं झालं, गॅस तसाच चालू होता, आणि आई ओटीवर बसून होती. "आईकडं जरा बघ रे," काकी म्हणाली. बघतो म्हणालो. त्या आठवड्यात कारखान्यात ऑडिट होतं.

महिन्याभराने आईला चार दिवस राहायला बोलावलं. पालघरला गाडीत बसून बोईसरला उतरायचं, शंभरदा केलेला प्रवास. मी स्टेशनवर थांबलो, गाडी आली आणि गेली, आई नाही. फोन लागेना. तासाभराने अनोळखी नंबरवरून एक बाई बोलली. ती भाजी घेऊन उमरोळीला उतरली होती. म्हणाली, तुमची आई हितं बसली हाय, बरी हाय, तुमचा नंबर तेवढा पाठ सांगते, पण कुठं जायचं ते सांगत नाय.

मोटरसायकल काढून गेलो. आई बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर. भाजीवाली शेजारीच होती, माझी वाट बघत थांबली होती बिचारी. मी काही बोलायच्या आत समोरच्या पाटीवर लक्ष गेलं, उमरोळी, आणि ती निळी चिठ्ठी डोळ्यांसमोर उभी राहिली. घड्याळाखालची. मी आईच्या शेजारी बसलो. ती म्हणाली, उशीर झाला का रे?

पालघरच्या डॉक्टरांनी तिला बरंच काही विचारलं. आज वार कुठला, शंभरातून सात-सात वजा करत जा, कागदावर घड्याळ काढून दाखवा. मुलांना घड्याळ शिकवलेली बाई ती. तिने गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला लिहिले. बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले की हे आजकालचं नाही, दोन वर्षं तरी झाली असतील, एकट्या राहून यांनी इतके दिवस निभावलं कसं, याचंच मला नवल वाटतं. मला माहीत होतं कसं निभावलं.

डिस्क काढून कारखान्यात नेली. पुसलेलं परत मिळवायची जी काही साधनं होती, ती सगळी चालवली. एक सहकारी दोन दिवस जेवणाची सुट्टी सोडून माझ्याबरोबर बसला. हाती काय लागलं, तर तुटकी अक्षरं. एका ठिकाणी 'ला विचारायचं नाही', पुढे चौकोनच चौकोन. कुणाला विचारायचं नाही? एका ठिकाणी वडिलांचं नाव आणि पुढे 'गेले', त्यापुढे तारीख. ते वाचून मी उठून बाहेर गेलो आणि पंपाच्या आवाजात रडून घेतलं.

मग कारखान्यात रजा टाकली आणि माहीमला गेलो. दुपारी जेवणं झाल्यावर तिच्या शेजारी बसून सगळं होतं तसं मांडायला घेतलं. जन्मात कधी विजेट जोडलं नव्हतं, एकेक शोधून जोडलं. घड्याळ, कॅलेंडर, हवामान. मांजरही आणलं. ते बाणामागे धावायला लागल्यावर आई खुदकन हसली. मग कोऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या, पंचवीस, आणि म्हटलं, आई, काय काय होतं ते सांग, मी लिहितो.

आई म्हणाली, "आठवत असतं तर लिहिलं कशाला असतं रे?"

रागाने नाही. एखाद्या ढ पोराला समजावून सांगावं तसं.

मग मला जे ठाऊक होतं ते लिहायला लागलो. गॅस. उमरोळी. साखर. वाडीवाल्याचा नंबर. चार चिठ्ठ्या झाल्या आणि हात थांबला. ती सकाळी कुठली गोळी घेते, मला माहीत नव्हतं. मंगळवारी कुणाकडे भजनाला जाते, माहीत नव्हतं. कुठली गोष्ट निसटेल म्हणून तिला सगळ्यात भीती वाटत होती, ते तर नाहीच. एकवीस चिठ्ठ्या कोऱ्या राहिल्या. मला स्वतःची अशी घृणा आली की ते धूड उचलून विहिरीत टाकावंसं वाटलं.

मी विचारलं, आई, कागदावर का नाही लिहून ठेवलंस?

"कागद भिंतीला लावला असता तर काकीनं वाचला असता. मग सगळ्या आळीला कळलं असतं. इथं कोण बघतं? तूच."

"मग मला तरी सांगायचं."

"सांगितलं ना." तिने पडद्याकडे बोट केलं. "दर रविवारी इथंच तर बसायचास. मला वाटलं, वाचतोस."

ती मांजराकडे बघत होती. मग स्वतःशी बोलावं तशी बोलली.

"तू सगळं पुसलंस ना, त्या दिवशी मला बरं वाटलं. म्हटलं, पोरानं वाचलं सगळं. म्हणतोय, आता चिठ्ठ्या कशाला, मी हाय ना. तुझी पिशवी कुठं ठेवलीस ते मी आत जाऊन बघून आले. राहायलाच आलायस वाटलं." ती थांबली. तिला आठवत होतं, अगदी स्वच्छ आठवत होतं. "मग तू साडेसहाच्या बसनं गेलास."