तेरा नंबरचा कागद

मुठीतले शेंगदाणे नुसते बघून त्या ‘अठ्ठावीस’ म्हणायच्या आणि काट्यावर ठेवले तर अठ्ठावीस ग्रॅमच भरायचे. त्यावरूनच हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंचं नाव पडलं ग्रॅमताई. वरवर त्या रागवायच्या, पण मनातून या नावावर बेहद्द खूश होत्या.

घरी दहा वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा आणि पहाटेच्या पाळीला बस चालवणारा नवरा. सकाळच्या दीड तासात त्यांच्या स्वयंपाकघरात जे चाले त्याला धुमश्चक्रीच म्हणायचं. पण ताईंची यादी पक्की होती. डझनभर अंडी रविवारीच उकडून फ्रिजमध्ये. गाजर-काकडीचे तुकडे पाणी घालून डब्यात, म्हणजे बुधवारीही कुरकुरीत. मसुराचं दाट सूप मोठ्या पातेल्यात, दोन दिवसांची निश्चिंती. दही आणि हाताला लागेल ते फळ. ऑम्लेटमध्ये पालक इतका बारीक चिरलेला की धाकट्याला तर सोडाच, त्याच्या बापालाही पत्ता लागत नसे. मुलं सगळं फस्त करत आणि ताईंना अगदी धन्य धन्य वाटे.

आपल्या घराला जे जमलं ते गावातल्या प्रत्येक धावत्या घराला जमेल, असं त्यांनी पक्कं धरलं होतं. त्यासाठी दर शनिवारी खास कुटुंबांचा दवाखाना हवा, म्हणून तीन वर्षं त्या हॉस्पिटलच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. प्रमुख डॉक्टरीणबाई दर वेळी ‘बघू’ म्हणत. शेवटी एकदा म्हणाल्या, “एक व्याख्यान द्या. लोकांना पटलं तर दवाखाना तुमचा. नाही पटलं तर हा विषय परत माझ्यासमोर काढायचा नाही.”

ताईंना गगन ठेंगणं झालं.

त्यांची कामाची एक पद्धत होती. पेशंटने तीन दिवस तोंडात गेलेलं सगळं कागदावर लिहायचं, अगदी चमचाभर साखरसुद्धा. वर नाव नाही, फक्त नंबर. “माणूस बघितला की दया येते,” त्या म्हणत, “कागद बघितला की खरं दिसतं.” घरातसुद्धा दर महिन्याला मुलांकडून त्या हे कागद लिहून घेत, त्यामुळे थोरली त्यात तरबेज झाली होती. व्याख्यानाच्या आधीचे तीन दिवस शाळेला सुट्टी होती, म्हणून ती पेन्सिल घेऊन घरात आणि हॉस्पिटलातही सारखी ताईंच्या मागे मागे होती. पोरगी किती मन लावून आपला कागद भरतेय, असं वाटून ताईंचा ऊर भरून आला.

शनिवारी हॉल खच्चून भरला. कडेवर पोरं, हातात पिशव्या, एकजण तर हेल्मेट घालूनच बसलेला. दाराशी ठेवलेल्या खोक्यात लोकांनी आपापले कागद टाकले होते. डॉक्टरीणबाईंनी त्यातला हाताला येईल तो काढून वाचायचा आणि ताईंनी तिथल्या तिथे सांगायचं, असं ठरलं होतं. घरची मंडळी शेवटच्या रांगेत.

पहिल्या कागदावरच्या बुवांनी तीन दिवसांत एकच भाजी खाल्ली होती, ती म्हणजे बटाटा. ताईंनी त्यांची अशी फिरकी घेतली की हॉल हसून लोटपोट झाला आणि बुवांनी उभं राहून गुन्हा कबूल केला. दुसऱ्या कागदालाही हशा पिकला. ताई आता रंगात आल्या होत्या. दवाखाना खिशात आल्यासारखाच होता.

“नंबर तेरा,” डॉक्टरीणबाईंनी चष्मा सारखा केला. “सकाळी ब्रेडच्या कडा. मुलीने काढून टाकलेल्या. उभ्याने.”

“उभ्याने!” ताईंनी डोळे मोठे केले. “घरात खुर्च्या नाहीत वाटतं?”

“दहा वाजता चहा. अकरा वाजता चहा. दुपारी अर्धं केळं, जिना चढताना.”

“अहो, ही बाई जेवतेय की शर्यत धावतेय?”

टाळ्याच पडल्या. मागच्या रांगेत नवऱ्याने कपाळाला हात लावला, पण ताईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

“रात्री सूपचं पातेलं, चमच्याने खरवडून.”

“याला जेवण म्हणत नाहीत, याला भांडी घासणं म्हणतात! ह्या बाईंना म्हणावं, उद्याच्या उद्या मला येऊन भेटा. घरच्यांचीही चांगली हजेरी घेते. इतके दिवस डोळे मिटून बसले होते का सगळे?”

“अजून एक ओळ आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अंड्याचा फक्त पिवळा बलक. कारण धाकट्याला पांढरंच आवडतं.”

ताईंनी झटकन घरच्यांकडे बघितलं. हॉल अजून हसत होता. शेवटच्या रांगेतून थोरलीचा आवाज आला, “आई, मी बरोबर लिहिलंय ना? तूच म्हणालीस, सगळं लिहायचं.”

आता सगळ्या माना वळल्या. ताईंना वाटलं, संपलं. तीन वर्षं, दवाखाना, अब्रू, सगळं त्या एका बलकात बुडालं. खोटं बोलायची संधी होती, क्षणभर मोहही झाला. मग त्यांना स्वतःचंच हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना.

“बाई मीच,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “तेरा नंबर माझा. सगळ्यांना ताटात वाढलं आणि माझं ताट मांडायचंच विसरले.”

मग पहिल्या रांगेतल्या एका बाईने हळूच हात वर केला. “माझंही तसंच आहे.” तिच्यामागे आणखी एक हात, मग पाच, मग ताईंना मोजता येईनात.

डॉक्टरीणबाईंनी कागदाची नीट घडी घातली. “पुढच्या शनिवारपासून सुरू करा. पहिला पेशंट तेरा नंबर,” त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून, “आणि चौदा नंबरला मला घ्या.”

दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या रविवारी सकाळी, ताई स्वयंपाकघरात आल्या तर टेबलाची चौथी खुर्ची मोकळी. तिच्यावरचे इस्त्रीचे कपडे नवऱ्याने पलंगावर नेऊन टाकले होते. “बस,” तो म्हणाला, “आणि उठायचं नाही.” ताई अवघडून बसल्या. आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटून त्यांना परत हसू आलं.

धाकट्याने अंडं फोडलं, पिवळा बलक सवयीने आईच्या पुढ्यात सरकवला. थोरलीने त्याच्याकडे रोखून बघितलं. त्याने एक उसासा टाकला, बलक परत ओढला, नाक दाबलं आणि तोंडात कोंबला. मग भरल्या तोंडानेच त्याने दुसरं अंडं, न फोडलेलं, आईसमोर ठेवलं.

“हे तुझं,” तो म्हणाला. “अख्खं.”