पन्हाळ्यावर मी दोन्हीकडची आत्या

कोल्हापूरकर स्वतःसाठी पन्हाळ्याला जात नाही. पन्हाळा ही पाहुण्यांना दाखवायची वस्तू, शोकेसमधल्या कपबश्यांसारखी. लग्नानंतर मी नणंदा, नणंदांच्या जावा, नवऱ्याच्या साहेबांचे साहेब, सगळ्यांना तो गड दाखवला. मी स्वतः पाहिला तो त्यांचे फोटो काढताना, त्यांच्या खांद्यांवरून जेवढा दिसला तेवढा. म्हणून एका शनिवारी जाहीर केलं, की उद्या मी एकटी चालले. "कुणाशी भांडलीस?" नवऱ्याने विचारलं.

रविवारी गर्दी असते, टाळा, असं सगळे ब्लॉग सांगतात. मी रविवारीच गेले, कारण टाळण्यासारखं जे काही असतं ते रविवारी आमच्या घरात असतं.

एसटीत कंडक्टरने "एकच पन्हाळा?" म्हणत माझ्या मागे नवरा शोधला. बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे, तेव्हा मैत्रिणींनो, निमित्तं सांगू नका. वाघबीळच्या पुढे घाट लागला की वारं अंगात शिरतं, शाल घ्या. वर पोचल्यावर मी तीन दरवाजा पाहिला, भिंतीवर नावं कोरून ठेवलेल्या प्रेमवीरांना मनात शिव्या दिल्या, आणि भूक लागली म्हणून झुणका-भाकरीच्या एका छपरात शिरले.

"किती जण?" चुलीपुढच्या बाईंनी विचारलं.

"एकटीच."

"एकटीला आख्खं टेबल कुठनं देऊ? हितं सरकून बसा."

'हितं' म्हणजे एका लांबलचक टेबलाचं टोक. डावीकडे उचगावचं एक कुटुंब, उजवीकडे गडहिंग्लजचं. मधोमध एक मुलगी आणि एक मुलगा, दोघंही भाकरीकडे अशी बघत होती जणू परीक्षेत तिच्यावरच प्रश्न येणार आहे. बघण्याचा कार्यक्रम! मी उठायला हवं होतं. पण तेवढ्यात झुणका आला, खर्डा आला, वर दही आलं. तुम्ही उठला असतात?

आता आपल्याकडची रीत बघा. बघण्याच्या कार्यक्रमात समोरच्या पार्टीतल्या वयस्क बाईला "तुम्ही कोण?" असं विचारत नाहीत, तो अपमान होतो. त्यामुळे उचगावकरांनी, म्हणजे मुलीकडच्यांनी, मला मुलाची आत्या ठरवलं, आणि मुलाकडच्या गडहिंग्लजकरांनी मुलीची. दोन्हीकडून ताटात भाकरी पडत होती. "घ्या की आत्या, लाजताय काय!" मी लाजत नव्हते.

हात धुवायला गेले तर मुलगी मागोमाग आली. स्नेहल तिचं नाव.

"तुम्ही आमच्या कुणीच न्हाई. व्हय ना?"

"कसं ओळखलंस?"

"आमच्या पावण्यांत एकटं फिरणारं कुणी न्हाई."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"तुमचा उपयोग हाय."

पोरगी कोल्हापुरातल्या फाउंड्रीत कास्टिंगची डिझाईन करते, कॉम्प्युटरवर. मुलगा तिला आवडला होता. पण लग्न करून गडहिंग्लजला गेली की काम सुटणार, आणि हा विषय तिचे वडील काढणार नव्हते. आपण मुलीकडचे, आपण कसं विचारायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि तिने स्वतः विचारलं तर? "पोरगी आगाऊ म्हणत्यात."

आगाऊपणाचा मला बराच सराव आहे. टेबलावर परत आले आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हटलं, "लग्नानंतर स्नेहलच्या नोकरीचं काय ठरलं?"

तिच्या वडिलांचा जीव भांड्यात पडला. मुलाकडची आत्याच विचारतेय म्हटल्यावर काळजीच मिटली. मुलाचे वडील, आप्पा, मात्र ताठ झाले. मुलीकडची आत्या फारच तिखट निघाली.

"आमच्यात सुना नोकऱ्या करत न्हाईत. घरात काय कमी हाय?"

"काहीच नाही. मग ती दिवसभर तिथं करणार काय?"

आप्पांनी उत्तरासाठी बायकोकडे पाहिलं. बायकोने दह्याकडे. आणि तेवढ्यात तो मुलगा, जो तासभर मान डोलावण्यापलीकडे काही करत नव्हता, म्हणाला, "आप्पा, मी बँकेत बदलीचा अर्ज दिलाय. कोल्हापूरला."

"कवा?"

"गेल्या महिन्यात."

"आणि मला आत्ता सांगतोस? झुणक्यावर?"

"घरात तुम्ही बोलू कुठं देताय?"

चुलीपुढच्या बाईंचा भाकरी थापायचा हात थांबला. आप्पांनी तोंड पुसलं, टोपी सारखी केली, आणि मुलाकडचे अशा वेळी जे म्हणतात तेच म्हणाले, "बरं. आम्ही काय ते कळवू."

"तुम्ही कशाला तरास घेताय आप्पा," स्नेहल गोड हसून म्हणाली. "बदलीची ऑर्डर हातात येऊ दे. मग आम्हीच कळवू."

मी पिशवी उचलून सटकले. पैसे द्यायला गेले तर बाई म्हणाल्या, "तुमचं दिलं की."

"कुणी?"

"दोघांनीबी." आणि त्यांनी दोन्ही बाजूंचे पैसे निवांत ठेवून घेतले. जेवण किती पडतं ते त्यामुळे मी सांगू शकत नाही. चव फर्स्टक्लास.

सज्जा कोठी बघायची राहिली, अंधारबाव राहिली. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "मग, काय बघितलंस?" मी म्हटलं, "मुलगा. बरा आहे."

ऑर्डर आली की नाही, स्नेहलने कळवलं की नाही, मला माहीत नाही. पण दुपारी भांडी घासताना कधीकधी डोळ्यांपुढे येतं: गडहिंग्लजला सोप्यात आप्पा बसलेत, फोन मांडीवर, आणि प्रत्येक रिंगला दचकून बघतायत, की मुलीकडच्यांनी कळवलं का. आजवर मुलाचा बाप असा वाट बघत बसलेला कुणी पाहिलाय? मीही पाहिलेला नाही. तरी पन्हाळ्यावरून दिसतं त्यातलं सगळ्यात देखणं दृश्य तेच.